कैसरचं शहर, तोपेच्या आधीचं

तुर्की मालिका घरोघरी मोबाईलवर चालू लागल्यापासून कुस्तुंतुनियाचं नाव आपल्या मुलांच्या तोंडी बसलं आहे. सुलतान मुहम्मद फातेहने जहाजं टेकडीवरून ओढून खाडीत कशी उतरवली, ओर्बानची तोप केवढी होती, हे सातवीतलं पोर धडाधड सांगतं. पण त्याच पोराला विचारा, की ज्या तटावर ती तोप चालली तो कुणी बांधला होता, आणि तटाच्या आत काय होतं? तिथे गाडी अडते. पोराचा दोष नाही. मालिकेत ते शहर असतं तेच मुळी २९ मे १४५३ला पडण्यासाठी. प्रत्यक्षात त्या दिवशी ते राजधानी म्हणून ११२३ वर्षांचं होतं. फतेहपासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, त्याच्या जवळपास दुप्पट. या महिन्यात आपण त्या आधीच्या शहरात फिरू.

ते आपल्याला परकं वाटायचं तसं कारण नाही. कुरआनातली तिसावी सूरह ज्या रूमच्या नावाने आहे, त्या रूमची राजधानी हीच. हजरत मुहम्मद (स.) यांनी ज्या हिरक्लला इस्लामचं निमंत्रण देणारं पत्र पाठवलं, त्याचं तख्त इथलं. आपल्या बखरींमध्ये 'रूमशाम'चा उल्लेख येतो तो याच मुलखाचा. आणि अहमदनगरात १५४९ साली ओतलेली, आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोप ज्या उस्तादाने घडवली त्याच्या नावामागेही 'रूमी' लागलेलं आहे. तोवर रूमचे मालक बदलून उस्मानी तुर्क झाले होते, पण नाव तेच राहिलं. 'बुरूज' हा आपला शब्द अरबी 'बुर्ज'वरून आला आणि तो 'बुर्ज' मुळात ग्रीक-लॅटिनमधून अरबीत गेला, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे रायगडाचा बुरूज म्हणतानाही आपण नकळत थोडं रूमचंच बोलतो.

कैसर कॉन्स्टंटाइनने ११ मे ३३० रोजी या शहराचं उद्घाटन केलं. जागा त्याने फार हुशारीने निवडली. जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा समुद्रात घुसलेला आहे. दक्षिणेला मार्मरा समुद्र, उत्तरेला गोल्डन हॉर्न नावाची लांब खाडी. दोन बाजू पाण्याने राखल्या. खाडीच्या तोंडावर संकटाच्या वेळी लोखंडी साखळी ओढायची, की तिथून गलबत आत येत नाही. उरली पश्चिमेची एकच बाजू, जमिनीची. शहराचा सगळा जीव त्या एका बाजूच्या तटात होता.

तो तट आजही उभा आहे आणि माझ्या मते इस्तंबूलमध्ये बघण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे, आयासोफियाच्याही आधी. ४१३ साली तो बांधून होत आला तेव्हा तख्तावरचा दुसरा थिओडोसियस बारा वर्षांचा होता. काम करवून घेतलं ते अँथेमियस नावाच्या त्याच्या प्रधानाने, पण तटाला नाव मिळालं पोराचं. मार्मरापासून खाडीच्या दिशेने सुमारे सहा किलोमीटर. शत्रू बाहेरून आला की आधी त्याला लागायचा वीसेक मीटर रुंदीचा खंदक. तो ओलांडला की कमरेएवढी भिंत, मग मोकळी पट्टी, मग आठ-नऊ मीटर उंचीचा बाहेरचा तट, पुन्हा मोकळी पट्टी, आणि मग बारा मीटर उंच, पाच मीटर जाड असा आतला तट, त्यावर ९६ बुरूज. बाहेरच्या तटापर्यंत पोचलेला माणूस आतल्या तटावरच्या तिरंदाजांच्या अगदी समोर, उघड्यावर सापडायचा.

बांधकाम जवळून पाहिलं तर पांढऱ्या चुनखडीच्या दगडात ठरावीक उंचीवर लाल विटांचे पट्टे दिसतात. ते शोभेचे नाहीत. विटांचे थर भिंतीच्या पोटातून आरपार जातात आणि दोन्ही बाजूंच्या दगडांना बांधून धरतात. भूकंपात भिंत हलली तरी सोलून पडत नाही. तरीही ४४७च्या भूकंपाने ५७ बुरूज पाडले, आणि नेमका त्याच सुमारास हुणांचा अटिला बाल्कनमध्ये घुसला होता. तेव्हा रथांच्या शर्यतींवरून एकमेकांची डोकी फोडणाऱ्या निळ्या आणि हिरव्या गटांना तटाचे वेगवेगळे तुकडे वाटून दिले गेले. साठ दिवसांत भिंत उभी. एका दरवाजावर ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत कोरलेला त्याचा शिलालेख अजून वाचता येतो. आणखी एक कायदा मला फार आवडतो. ज्यांच्या शेतातून तट गेला, त्या मालकांना बुरुजाची खालची खोली वापरायला मिळे, बदल्यात बुरुजाची डागडुजी त्यांनी बघायची. सरकारने बांधायचं आणि लोकांनी राखायचं, हे पाचव्या शतकात सुचलेलं होतं.

या तटापुढे कोण कोण थांबलं! ६२६ मध्ये आवार आणि इराणी मिळून आले आणि परतले. नंतर अरब आले. हजरत मुआविया (रजि.) यांच्या काळातल्या मोहिमेत हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) होते, मदिनेत हिजरतीनंतर ज्यांच्या घरी प्रेषित (स.) उतरले तेच. वय झालेलं, तब्येत बिघडलेली, आणि वेढ्याच्या काळातच त्यांचा इंतकाल झाला. शक्य तितकं पुढे, तटाजवळ आपल्याला दफन करा, अशी त्यांची इच्छा होती असं रिवायतींत येतं. आज इस्तंबूलच्या अय्यूब भागात त्यांची मजार आहे आणि पुढे उस्मानी सुलतान तख्तावर बसले की तलवार बांधून घ्यायला तिथे जात. ७१७-१८ मध्ये मस्लमा बिन अब्दुल मलिकचा मोठा वेढा पडला. तोही रूमींच्या ज्वलनशील द्रवाने, कडक हिवाळ्याने आणि उपासमारीने मोडला.

इथवरची गोष्ट आपल्याकडे थोडीफार सांगितली जाते. पण तटाच्या आत, ख्रिस्ती कैसरच्या शहरात मशीद होती, हे किती जणांना माहीत आहे? दहाव्या शतकात खुद्द कैसर सातव्या कॉन्स्टंटाइनने आपल्या मुलासाठी लिहिलेल्या पुस्तकात तिचा उल्लेख केला आहे आणि तिचा संबंध मस्लमाच्या वेढ्याशी जोडला आहे. युद्धकैदी, पुढे अरब व्यापारी आणि वकील तिथे नमाज पढत. ही मशीद दोन सत्तांमधलं जणू तारण होती. १००९ साली फातिमी खलीफा हाकिमने जेरूसलेमचं मोठं चर्च पाडलं. त्यानंतर १०२७ साली झालेल्या तहात ठरलं, की ते चर्च पुन्हा बांधू द्यायचं आणि कुस्तुंतुनियाच्या मशिदीत फातिमी खलीफाच्या नावाने खुत्बा व्हायचा. पुढे सलाहुद्दीन अय्यूबीने कैसरशी दोस्ती झाल्यावर तिथल्या मशिदीसाठी मिंबर, खतीब आणि मुअज्जिन पाठवले. त्याचा चरित्रकार बहाउद्दीन याने ते नोंदवून ठेवलं आहे.

आणि मग १२०३. चौथ्या क्रूसेडचं सैन्य, म्हणजे पश्चिमेकडचे ख्रिस्तीच, शहराबाहेर तळ देऊन बसलं होतं. ऑगस्टमध्ये त्यांतली एक टोळी खाडी ओलांडून आली आणि मशिदीवर तुटून पडली. मुसलमानांनी हाताला लागेल त्याने मुकाबला केला. निकेतास खोनियातेस नावाचा शहरातला मोठा अधिकारी आणि इतिहासकार लिहितो, की शेजारचे रूमी त्यांच्या मदतीला धावले. मागे हटताना हल्लेखोरांनी आग लावली. ती वाऱ्याने पसरली, कित्येक मोहल्ले, चर्च, बाजार जळत गेले, आणि शहराचा मधला मोठा भाग राख झाला. ही नोंद मी दोनदा-तीनदा वाचली. मशीद वाचवायला धावलेल्या त्या ख्रिस्ती शेजाऱ्यांपैकी एकाचंही नाव इतिहासात नाही.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १२०४ मध्ये, क्रूसेडर खाडीच्या बाजूच्या समुद्री तटावरून आत शिरले. जमिनीवरचा तट तेव्हाही पडला नव्हता. तीन दिवस लूट चालली. शर्यतीच्या मैदानाकडचे काशाचे चार घोडे व्हेनिसला गेले. ते आजही तिथल्या सेंट मार्क चर्चमध्ये आहेत. आयासोफियातली चांदी उखडून खेचरांवर लादली गेली. शहर पुढे सत्तावन्न वर्षांनी रूमींना परत मिळालं, पण त्याची पूर्वीची रया परत आली नाही. १३३०च्या दशकात इब्ने बतूता तिथे पोचला, तेव्हा त्याला तटाच्या आत तेरा वस्त्या दिसल्या, मध्ये मोकळी जमीन. (हाच इब्ने बतूता पुढे दिल्लीत काझी झाला आणि आपला दौलताबादही बघून गेला.) त्याला आयासोफियात जाता आलं नाही. दारातच सलीबपुढे झुकावं लागे, ते त्याला मान्य नव्हतं. म्हणून त्याने बाहेरूनच वर्णन लिहिलं.

आता महालाकडे वळू. कैसरचा मोठा महाल ही एक इमारत नव्हती. शर्यतीच्या मैदानापासून मार्मराच्या काठापर्यंत उतरत गेलेले दिवाणखाने, बागा, चर्च, स्नानगृहं, शिपायांच्या बराकी, असं शहरातलं शहर होतं ते. आज सुलतान अहमद मशीद, म्हणजे पर्यटक जिला निळी मशीद म्हणतात ती, त्याच जमिनीवर उभी आहे. महालाचं वर फारसं काही उरलेलं नाही. समुद्राकाठी बुकोलिऑन महालाची संगमरवरी चौकटींची भिंत तेवढी दिसते. पण १९३०च्या दशकात खोदकाम करताना एका अंगणाची फरशी सापडली, रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांची. तिच्यावर कैसर नाही, संत नाहीत. गाढवाला चारा घालणारा माणूस आहे, हंस राखणारं पोर आहे, चाकं फिरवत पळणारी मुलं आहेत, सापाशी झुंजणारा गरुड आहे. एवढ्या दिमाखाच्या महालातून आपल्यापर्यंत पोचलं ते खेड्यातलं जगणं.

दिमाखही होताच. ९४९ साली इटलीचा वकील ल्युटप्रांड दरबारात आला तेव्हा तख्ताजवळच्या सोनेरी झाडावर धातूचे पक्षी गात होते, दोन्ही बाजूंचे सिंह शेपट्या आपटून डरकाळ्या फोडत होते, आणि त्याने मुजऱ्याला डोकं टेकवून वर केलं तोवर कैसर तख्तासकट छताजवळ पोचलेला! पण आपल्या वाचकांनी इथे बगदादही आठवावं. ९१७ साली रूमचे वकील बगदादला गेले तेव्हा खलीफा मुक्तदिरने त्यांना चांदीचं झाड दाखवलं होतं, त्यावरही असेच बोलणारे पक्षी. आणि त्याच्याही आधी, नवव्या शतकात, कैसर थिओफिलोसने बगदादहून परतलेल्या आपल्या वकिलाचं वर्णन ऐकून तिथल्यासारखाच महाल आपल्या राजधानीजवळ बांधवून घेतला होता. सरहद्दीवर दर उन्हाळ्यात लढाई आणि महालात एकमेकांची नक्कल, असा तो संसार होता.

या महालातल्या एका मेजवानीचं वर्णन हारून बिन याह्या नावाच्या अरब कैद्याने केलं आहे. इ.स. ९००च्या सुमारास तो पकडून इथे आणला गेला होता. ईसाच्या जन्मदिवशी कैसर मुसलमान कैद्यांनाही जेवायला बसवत असे. ताटं मांडली की एक जण पुकारा करायचा, की कैसरच्या डोक्याची शपथ, या जेवणात डुकराचं मांस अजिबात नाही! मगच ताटं पुढे येत. कैद्याला कैदेतून सोडलं नाही, पण त्याचा हलाल-हराम सांभाळला. हारूनने हे लिहून ठेवावं इतकं ते त्याच्या मनात राहिलं.

पुढे कैसर उत्तरेकडच्या ब्लाकर्नाई महालात राहायला गेले. त्या भागात तटाला चिकटून एक तीन मजली वास्तू उभी आहे, विटा आणि संगमरवराच्या नक्षीची. तिला तुर्क टेकफूर सराय म्हणतात. मालिकांमध्ये 'टेकफूर' हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल, दाढीवाला खलनायक म्हणून. तुर्क रूमी सरदारांना आणि राजांना तेच म्हणत. अठराव्या शतकात या राजवाड्यात चिनीमातीच्या फरशा भाजायचा कारखाना निघाला, त्यानंतर काचेच्या बाटल्यांचा.

आयासोफियावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आटोपतो. ५३२च्या जानेवारीत निळे आणि हिरवे गट एक होऊन कैसर जस्टिनियनविरुद्ध उठले, आधीचं चर्च जाळलं गेलं, आणि शर्यतीच्या मैदानात कैसरच्या सैन्याने लोकांची कत्तल केली. तेव्हाचे लेखक मेलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या आसपास देतात. त्या राखेवर सहा वर्षांच्या आत आजची इमारत उभी राहिली, २७ डिसेंबर ५३७ला खुली झाली. अँथेमियस (हा दुसरा, त्रालेसचा) आणि मिलेटसचा इसिडोर या दोघा गणितज्ञांनी ती आखली. सुमारे एकतीस मीटर व्यासाचा घुमट चौकोनी पायावर कसा बसवायचा, हा प्रश्न त्यांनी चार कमानी आणि त्यांच्या मधल्या वक्र त्रिकोणांनी सोडवला. घुमटाच्या बुडाशी चाळीस खिडक्या. पहिला घुमट वीस वर्षांतच, ५५८ मध्ये कोसळला. मग तो अधिक उंच बांधला. पुढे मिमार सिनानने त्याला बाहेरून टेकू दिले. ते टेकू नसते तर आज आपण तिचे फक्त जुने वर्णन वाचत असतो, असं मला वाटतं.

आता अवघड भाग. २९ मे १४५३च्या सकाळी तट फुटला तेव्हा हजारो माणसं, बरीचशी बायका-मुलं आणि म्हातारी, आयासोफियात दारं लावून बसली होती. दारं फोडली गेली आणि बहुतेकांना गुलाम म्हणून बांधून नेलं. मालिकेत हे दृश्य येत नाही, किंवा येतं तेव्हा सुलतान येऊन सगळ्यांना अभय देतो. सुलतानाने लूट थांबवली, उरलेल्या रूमींना परत वसवलं, आर्मेनियन आणि यहुदी कुटुंबं आणली, १४५४च्या जानेवारीत ग्रीक चर्चचा नवा प्रमुख गेनादियोस नेमला, हे सगळं खरं आहे. सकाळी घडलं तेही खरं आहे. मुलांना दोन्ही सांगावं, निदान बारा-तेराच्या पुढच्यांना.

कैसरांच्या कबरी ज्या चर्चमध्ये होत्या त्या पवित्र शिष्यांच्या चर्चच्या जागी फातेह मशीद उभी राहिली. कारियेचं सुंदर चर्च, ज्यातली चित्रं १३१५ ते १३२१च्या दरम्यान थिओडोर मेतोखितेसने करवून घेतली, ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मशीद झालं. आयासोफिया तर त्याच दिवसापासून. त्या काळचे युद्धाचे कायदे सगळीकडे असेच होते, हे सांगून विषय मिटवता येतो. १४९२ नंतर अंदलुसमधल्या मशिदींचं काय झालं ते आपण जाणतोच. पण आपल्याच परंपरेत दुसरं उदाहरणही आहे. जेरूसलेम ताब्यात आल्यावर हजरत उमर (रजि.) यांनी मोठ्या चर्चमध्ये नमाज पढायचं टाळलं, पुढचे लोक ते निमित्त करून चर्च घेतील म्हणून, असं सांगितलं जातं. आपल्याकडे हा किस्सा जुम्म्याच्या बयानात अभिमानाने ऐकवतात. आयासोफियाची गोष्टही त्याच अभिमानाने ऐकवतात. दोन्ही एका दमात कशा सांगायच्या, हा प्रश्न मला पडतो. प्रार्थनास्थळाच्या जमिनीवरून कोर्टात तारखा पडतात तेव्हा पोटात काय कालवतं, हे या देशात आपल्याला कुणी समजावायला नको. १९३४च्या निर्णयाने आयासोफियाचं संग्रहालय झालं आणि जुलै २०२०मध्ये ती पुन्हा मशीद झाली. २४ जुलैचा जुम्मा आपल्याकडेही अनेक घरांत मोबाईलवर पाहिला गेला. एखाद्या ग्रीक घरात त्याच वेळी काय वाटलं असेल, याचा विचार करायला काही खर्च येत नाही.

एक गोष्ट मात्र उस्मानींच्या बाजूने नोंदवली पाहिजे. फतेहनंतर भिंतींवरची सगळी चित्रं लगेच झाकली गेली नाहीत. काही तर सतराव्या शतकातही उघडी होती; प्रवाशांनी ती पाहून चितारलेली आहेत. नंतर ती चुन्याखाली गेली, फोडली गेली नाहीत. १८४७ ते १८४९ मध्ये सुलतान अब्दुल मजीदने फॉसाती बंधूंकडून दुरुस्ती करवून घेतली तेव्हा ती उघडून, त्यांची रेखाटनं करून, पुन्हा झाकली. त्याच वेळी खत्तात मुस्तफा इज्जत एफेंदीच्या हातची अल्लाह, मुहम्मद (स.), चार खलीफा आणि हसन-हुसेन (रजि.) यांची नावं असलेली ती प्रचंड गोल पाटं लागली, प्रत्येक साडेसात मीटर व्यासाचं. आज नमाजच्या वेळी मेहराबीवरच्या मरियमच्या चित्रावर पडदा ओढतात.

उमऱ्याच्या पॅकेजला हल्ली इस्तंबूलचे दोन-तीन दिवस जोडून देतात. कुणी जाणार असेल तर एक लक्षात ठेवा: तिथे दोन टोपकापी आहेत. 'टोप' म्हणजे तोपच, आपलाच शब्द, आणि 'कापी' म्हणजे दरवाजा. एक टोपकापी म्हणजे सुलतानांचा राजवाडा, सगळे टूरवाले नेतात तो. दुसरं तिथून चार-पाच किलोमीटर पश्चिमेला, तटातला दरवाजा, जिथे १४५३ची तोप सर्वांत जास्त चालली. ट्रामने जाता येतं. तिथे उतरून दक्षिणेकडे येदिकुलेच्या किल्ल्यापर्यंत तटाच्या कडेने चालत जावं, दोन-अडीच तास लागतात, पायांत चांगले बूट हवेत. खंदकात आता पाणी नाही. बऱ्याच ठिकाणी भाजीचे मळे आहेत. त्यांना तुर्क 'बोस्तान' म्हणतात. २०१३ साली पालिकेने तटालगतचे काही मळे बुजवायला घेतले तेव्हा मळेकरी आणि इतिहासाचे अभ्यासक एकत्र येऊन आडवे झाले. येदिकुलेचं लेट्यूस, लांब पानांचं, शहरभर नावाजलेलं आहे.